घाबरलेल्या माणसाजवळ कोणी बसायचे?



मानसिक आरोग्यावरची व्याख्याने बहुधा मनापासून सुरू होतात. मी वस्तीपासून सुरुवात करणार आहे. उलव्यात आज दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी राहतात. पहिली, ज्यांची भातखाचरे आणि खाजणे नव्या शहरासाठी गेली ती आगरी-कोळी कुटुंबे. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वडघर, वरचे ओवळे आणि वाघिवलीवाडा या दहा वस्त्यांतल्या लोकांना राहती घरे सोडावी लागली. उलव्याची टेकडी कापून सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. दुसरी माणसे मुंबईतली भाड्याची खोली सोडून किंवा थेट गावाकडून येऊन, लांब मुदतीच्या कर्जावर सेक्टरमधल्या इमारतींत राहायला आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकल इथल्या खारकोपर स्थानकापर्यंत आली, १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणला पोचली, त्याच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे. एवढे सगळे नकाशावर आले. मात्र नवी मुंबई महानगरपालिकेची हद्द बेलापूरपाशी संपते, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा उलवे तिच्यात नव्हते. नवी मुंबई वसवणारी सिडको आणि ग्रामपंचायती यांच्यामध्ये ही वस्ती वाढली. जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय अलिबागला. रात्री अकरा वाजता ज्याच्या छातीत धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात, आता आपले काही खरे नाही असे ज्याला वाटते, त्या माणसाला या गावात जायला जागा कोणती, हा माझा आजचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ते तपासत ऐकता येईल. असह्य चिंतेत सापडलेल्या माणसाला पहिला आधार चालत जाण्याच्या अंतरावर मिळायला हवा. हा आधार देणे हे कौशल्य आहे, ते पदवीशिवाय शिकता येते, आणि ते शिकलेली माणसे वस्तीत असणे ही रस्ता-पाण्यासारखीच नागरी सोय आहे. जुन्या गावात ती थोडीफार आपोआप उभी राहत असेल. दहा-पंधरा वर्षांत वसलेल्या गावात ती जाणूनबुजून उभी करावी लागते.

आधी चिंता कशाला म्हणतो ते पाहू. हप्ता भरायचा आहे, मुलाची दहावी आहे, कंपनीत माणसे कमी करणार असे कानावर आले आहे, या गोष्टींची काळजी वाटणे हा आजार नाही. काळजी वाटली नाही तर माणूस तयारीच करणार नाही. मी बोलतो आहे ते त्या चिंतेविषयी जी कारणाच्या मापात राहत नाही. संकट समोर नसतानाही शरीर संकटातल्यासारखे वागते. हृदय जोरात चालते, श्वास भराभर होतो, भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. आणि मग माणूस या लक्षणांनाच घाबरतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडले: धडधडीचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला दुजोरा देते. भीतीचा असा झटका साधारणपणे काही मिनिटांतच शिखर गाठतो आणि ओसरतो. पण तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस गर्दीची गाडी टाळतो, लिफ्ट टाळतो, पुलावरून जाणे टाळतो. टाळले की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि भीती पक्की होते. नोकरी खाडीपलीकडे असलेल्या माणसाने लोकल टाळायला सुरुवात केली, तर त्याच्या घराचे काय होते हे इथे कोणाला सांगायला नको.

असा माणूस बहुतेकदा प्रथम जवळच्या दवाखान्यात जातो, आणि ते योग्यच आहे. पहिल्यांदा छातीत दुखले तर ईसीजी काढलाच पाहिजे, थायरॉइड तपासलाच पाहिजे. अडचण त्यानंतर सुरू होते. रिपोर्ट नॉर्मल येतात आणि त्याला सांगितले जाते, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ सोबत कधीकधी झोपेची गोळी मिळते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तासाभरात उतार पडतो, म्हणून त्या हव्याशा वाटतात, आणि नियमित घेतल्या तर त्यांची सवय जडते. मूळ भीतीवर काम करणाऱ्या औषधांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर धरायला कोणी सोबत नसेल तर ती मध्येच सोडली जातात. घरी आल्यावर घरचेही डॉक्टरांचेच वाक्य प्रेमाने पुन्हा सांगतात. टेन्शन घेऊ नको म्हटल्याने टेन्शन गेले असते तर त्या माणसाने ते स्वतःच स्वतःला केव्हाच सांगितले असते. स्वतःच्या मनाची समजूत घालण्याची आपल्याकडे फार मोठी परंपरा आहे. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोकांत मनालाच हाक मारली. त्या परंपरेचे मोल मला पूर्ण मान्य आहे. मात्र ज्याचे मन त्या घटकेला कोणाचेच ऐकण्याच्या अवस्थेत नाही, त्याला एकट्याने मनाला समजावायला सांगणे म्हणजे अवघड काम सर्वांत दुबळ्या क्षणी त्याच्यावर टाकणे आहे.

तेव्हा आधार म्हणजे नेमके काय? इथे थोडे थांबावे लागेल, कारण सद्भावनेने दिलेल्या सगळ्याच आधाराने भले होत नाही. अमेरिकेतील जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण सुरू असताना त्यांना विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता असल्याची खूण दाखवली जाई. हातात कोणाचाच हात नसताना मेंदूतील धोक्याची यंत्रणा सर्वांत जास्त जागी होई. अनोळखी माणसाचा हात धरल्यावर थोडी शांत होई. पतीचा हात धरल्यावर आणखी शांत, आणि नाते जितके समाधानाचे तितकी अधिक. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धान्त काढू नयेत. पण एक गोष्ट त्यातून दिसते: दुसऱ्या माणसाची सोबत शरीरापर्यंत पोचते, आणि तिथे कोणी उपदेश केलेला नव्हता. अनोळखी हातही अगदीच वाया गेला नाही, हे या नव्या गावाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

याच्या उलट पुरावाही आहे. आपत्तीनंतर माणसांना एका बैठकीत बसवून घडलेले सगळे सविस्तर बोलायला लावायचे, अशी पद्धत एकेकाळी जगभर रूढ होती. नंतरच्या अभ्यासांत दिसले की तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही. आज जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असे सांगते. ‘मन मोकळे कर’ असा आग्रह धरणे हा आधार नव्हे. तसेच आश्वासनाचे. ‘मला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न दिवसातून वीसदा येतो आणि घरची माणसे वीसदा ‘नाही’ म्हणतात. प्रत्येक ‘नाही’ची मुदत आधीच्यापेक्षा कमी होत जाते. मूल शाळेला घाबरते म्हणून आई त्याला घरी ठेवते, बाजाराला घाबरणाऱ्या भावाचे सामान बहीण आणून देते. मायेपोटीच घडते हे, पण त्याने भीतीला घरात कायमची खोली मिळते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांच्या पालकांना एवढेच शिकवले: मुलाचा त्रास खरा आहे हे मान्य करा, तू हे सहन करू शकशील असा विश्वास दाखवा, आणि त्याच्या भीतीच्या सोयीसाठी घराचे वेळापत्रक वाकवणे हळूहळू थांबवा. १२४ मुलांच्या चाचणीत, केवळ पालकांबरोबर केलेले हे काम मुलांबरोबर थेट केलेल्या मानसोपचाराच्या तोडीचे ठरले. खारकोपरच्या फलाटाला घाबरणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ असा: त्याच्याबरोबर फलाटापर्यंत जायचे, पहिल्या दिवशी गाडी सोडून द्यायची, दुसऱ्या खेपेला बामणडोंगरीपर्यंत एकच स्थानक जायचे, धडधड वाढली तरी उतरण्याची घाई करायची नाही, आणि ती आपोआप उतरते हे त्याच्या शरीराला त्याच्याच अनुभवातून कळू द्यायचे. असा सोबती शांत असावा लागतो, त्याला वेळ असावा लागतो, आणि काय करू नये हे ठाऊक असावे लागते.

असे सोबती कोण होऊ शकतील? मानसोपचारतज्ज्ञ आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे एकही पडत नाही. निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात महाराष्ट्र नव्हता. पण त्या बारा राज्यांत चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या विकारांत दहापैकी आठांहून अधिक माणसे उपचाराविना होती. तज्ज्ञ वाढण्याची वाट पाहायची तर एक पिढी जाईल. म्हणून शेजारच्या गोव्यातला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगत’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवले. मागे देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ होते, गरज पडल्यास डॉक्टरांची औषधे होती. चोवीस केंद्रांतल्या या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनंतर या सोबतीसह बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते, नेहमीच्या उपचारात सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथे दोन्ही गट सारखेच सुधारले. काही जण हा प्रयोगाचा कमकुवतपणा मानतील. मला त्यात माझ्याच मुद्द्याचा पुरावा दिसतो. गोव्यातला खासगी डॉक्टर बहुतेकदा कुटुंबाला वर्षानुवर्षे ओळखणारा असतो. जिथे ओळखीचा माणूस आधीच बसलेला आहे तिथे वेगळा समुपदेशक आणून फारसे वाढत नसावे. जिथे दर वेळी नवा चेहरा आहे, तिथेच त्याने फरक पडतो. उलवे यांपैकी कोणत्या बाजूला आहे हे ज्याचे त्याने ठरवावे.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि पहिला आधार द्यायला शिकवले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एक्केचाळीस गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम केला. गावात ज्यांच्याकडे लोक आधीपासूनच मन मोकळे करायला जातात अशी माणसे शोधून त्यांना चार-सहा भेटींत पद्धतशीर सोबत करायला शिकवले. पेठ तालुका डोंगराळ, आदिवासी. तिथे जे जमते ते लोकल, पूल आणि विमानतळ असलेल्या गावात जमू नये याला कारण दिसत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला वडीलधाऱ्यांचा असतो: आमच्या वेळी असले काही नव्हते, आम्हीही दुष्काळ पाहिले, संप पाहिले, जमिनीच्या मोबदल्यासाठीचे १९८४ चे जासईचे आंदोलन आणि गोळीबार पाहिला, पण कोणी समुपदेशकाकडे गेले नाही. त्या पिढीच्या सोशिकपणाबद्दल मला आदर आहे. पण त्रास नव्हता हे खरे नाही, तो दुसऱ्या नावांनी येत होता. गोव्यातच झालेल्या अभ्यासात दिसले की अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा चिंता आणि नैराश्याशी अधिक होता. कंबरदुखी, अशक्तपणा, अंगात येणे, बाहेरची बाधा, या नावांखाली किती घाबरलेली माणसे आयुष्यभर राहिली असतील! गावकीचा आधारही सर्वांना सारखा मिळत नसे. भजनी मंडळात बसणाऱ्याला सोबत होती. सासरच्या घरात जिला धसका बसला होता ती तो कोणाला सांगणार होती? जुन्या गावाकडे परत जा असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे जे होते ते आता सर्वांपर्यंत पोचवा असे म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चिंतेची कारणे बाहेर आहेत: भूखंडाचा ताबा रखडला, नळाला पाणी कमी, नोकरी कंत्राटी, हप्ता डोक्यावर. त्यांवर ऐकून घेण्याचा लेप लावून काय होणार? असे ऐकून घेणे म्हणजे अन्याय सहन करायला शिकवणे नव्हे काय? जर ऐकणारा फक्त ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणार असेल तर हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच ‘आत्मीयता’मधले कार्यकर्ते निवृत्तिवेतन, शासकीय योजना, कागदपत्रे यांतही मदत करत होते; दारिद्र्याची चिंता केवळ बोलून जात नाही हे त्यांनी गृहीत धरले होते. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. झोप उडालेला, हात थरथरणारा माणूस सिडकोच्या कार्यालयात चार खेपा घालू शकत नाही, बँकेत हप्त्यांची पुनर्रचना मागू शकत नाही, मोर्चात उभा राहू शकत नाही. जासईच्या त्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या मागे उभी राहिलेली माणसे एकमेकांना धरून उभी होती म्हणूनच लढू शकली. आधाराने लढा बोथट होतो हा समज याच मातीत खोटा ठरलेला आहे.

तिसरा आक्षेप कुजबुजीने सांगितला जातो आणि मला तो सर्वांत खरा वाटतो: शेजाऱ्याला सांगितले की उद्या गावभर होईल. गावठाणात भावकी आहे, इमारतीत सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मुलीचे लग्न ठरायचे आहे, नवऱ्याला ‘वेडा’ म्हणतील, ही भीती काल्पनिक नाही. यावर उपाय तीन दिसतात. ऐकणाऱ्याची निवड स्वभाव पाहून करायची, पद पाहून नाही. सोसायटीचा सेक्रेटरी किंवा पंचायत सदस्य हा आपोआप चांगला श्रोता होत नाही. प्रत्येकाला आपल्या सेक्टरबाहेरचा माणूस निवडण्याची मोकळीक हवी. आणि गुप्तता मोडणाऱ्याला त्या कामातून त्याच दिवशी दूर करण्याचा नियम आधीच जाहीर हवा. एवढे करूनही काही जण चेहरा दाखवणार नाहीत. त्यांच्यासाठी फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत मिळते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच संस्था, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ हेल्पलाइन, हीही आपल्या टापूतलीच कामे आहेत. मध्यरात्री याहून चांगला दरवाजा नाही. पण वन-बीएचकेमध्ये सासू, नवरा, दोन मुले यांच्यात बसून फोनवर बोलायचे कुठे, हाही प्रश्न आहे. आणि फोनवरचा माणूस फलाटापर्यंत सोबत येऊ शकत नाही.

या कामाची मर्यादा स्पष्ट हवी. ज्याला आवाज ऐकू येतात, जो खातच नाही, जो दारूवरच भीती दाबतो आहे, त्याला तज्ज्ञाकडे न्यायचे, आणि पहिल्या खेपेला स्वतः बरोबर जायचे. जगण्यात अर्थ नाही असे जो बोलतो त्याला सरळ विचारायचे: जीव द्यावासा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने बोलणे सुरू होते. त्या घटकेला त्याला एकटे सोडायचे नाही. आणि कायद्याची भीती बाळगायची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे त्याचे कलम ११५ गृहीत धरते, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवते. भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, जुन्या दंडविधानातले ३०९ कलम घेतलेले नाही. पोलिसांच्या भानगडीच्या धास्तीने रुग्णालयात न्यायला उशीर करण्याचे कारण उरलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो अलिबागच्या वाटेवर अडकून राहत असेल तर पंचायतींनी आणि रहिवासी संघांनी मिळून तो उलव्यात मागितला पाहिजे.

काय मागायचे तेही सांगतो. सामाजिक सोयींसाठी सिडको भूखंड राखून ठेवते. त्यांवर उभ्या राहणाऱ्या एका इमारतीत दोन खोल्या, ज्यांचे दार रस्त्यावरून थेट दिसणार नाही. गावठाणातून आणि सेक्टरांतून निवडलेली वीसेक माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया, कारण घरातली भीती पुरुष श्रोत्यापुढे अर्धीच येते. त्यांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण, दर पंधरा दिवसांनी तज्ज्ञाची देखरेख, आणि मानधन. फुकटच्या सेवेवर उभारलेले काम पहिल्या वर्षाच्या उत्साहानंतर टिकत नाही. आरोग्य खात्याच्या आशाताईंना यात घ्यावे, पण त्यांच्या आधीच्या कामावर फुकट भर म्हणून नको. खोल्या खारकोपर स्थानकाच्या वाटेवर असाव्यात आणि संध्याकाळी सात ते दहा उघड्या असाव्यात. त्या वेळी गाडीतून उतरलेला माणूस घरी जायच्या आधी तिथे अर्धा तास बसला, तर कोणी विचारणार नाही की तू कुठे गेला होतास.